‘युजर फ्रेंडली’ कोणासाठी? ई-पीक पाहणीचं एक वाचन

सिनॉप्सिस लिहायला बसला असाल आणि उद्दिष्टांमध्ये ‘युजर फ्रेंडली इंटरफेस विकसित करणे’ असं वाक्य टाकलं असेल, तर ते आत्ताच खोडा. व्याकरणाने ते ठीक आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. आरआरसीमध्ये कोणी विचारलं, ‘फ्रेंडली कोणासाठी? आणि तुम्ही ते तपासणार कसं?’ तर काय सांगाल? अशा वेळी बहुतेक जण तत्त्वांची यादी पुढे करतात. जेकब नील्सनची दहा, बेन श्नायडरमनची आठ, डोनाल्ड नॉर्मनचे चार-पाच शब्द. यादी खरी असते, संदर्भही बरोबर असतात. प्रश्न मात्र तसाच राहतो.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. तत्त्वं आपल्याला कुठे पाहायचं ते सांगतात. जे दिसतंय ते काय आहे, हे कळायला मात्र समोरच्या माणसाचं काम माहीत असावं लागतं. अमरावती-अकोल्याकडच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना ते काम घरचंच असतं. तरी प्रबंधात ते येत नाही, कारण ते ‘संशोधन’ वाटत नाही. हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून आपण एक खरं ॲप घेऊन वाचूया: ई-पीक पाहणी.

आधी व्याख्या

वापरसुलभतेची सर्वांत जास्त वापरली जाणारी व्याख्या आयएसओ ९२४१ या मानकाच्या अकराव्या भागात आहे. पहिली आवृत्ती १९९८ची, सुधारित २०१८ची. साध्या मराठीत ती अशी: ठरावीक माणसांना, ठरावीक उद्दिष्ट, ठरावीक परिस्थितीत, परिणामकारकपणे, कमी खटाटोपात आणि समाधानाने गाठता येणं.

आपण वाचताना शेवटच्या तीन शब्दांवर थांबतो, कारण ते मोजता येतात. काम पूर्ण झालं का, किती वेळ लागला, माणूस खूश होता का. पण या व्याख्येचा सगळा भार ‘ठरावीक’ या शब्दावर आहे आणि तो तीनदा आलाय. माणूस, उद्दिष्ट आणि परिस्थिती सांगितल्याशिवाय ‘हा इंटरफेस सोपा आहे’ या वाक्याला अर्थच नाही. राजापेठला रूमवर बसून, वायफायवर, चार्ज केलेल्या फोनवर ॲप चालवून बघणं आणि सप्टेंबरच्या उन्हात, चिखलात उभं राहून, स्क्रीनवर सावली धरत तेच ॲप चालवणं, या व्याख्येप्रमाणे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हेच ॲप का?

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातवर हक्क, बारावर पीक. बाराची नोंद पूर्वी तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करावी अशी व्यवस्था सुरू झाली. महसूल आणि कृषी विभागाच्या या प्रकल्पात टाटा ट्रस्टचं सहकार्य होतं. २०२२मध्ये दुसरी आवृत्ती आली, आणि पुढे केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडलेलं ‘डीसीएस’ नावाचं रूप. इथे मी मुख्यतः पहिल्या दोन आवृत्त्यांबद्दल बोलतोय.

आता यात पणाला काय लागलेलं असतं ते बघा. २०२३च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य सरकारने २०२४मध्ये अर्थसाहाय्य जाहीर केलं. ०.२० हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट १,००० रुपये, त्याहून जास्त असेल तर हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. सुरुवातीला अट होती ई-पीक पाहणीवर नोंद असण्याची. शेतात पीक होतं पण ॲपवर नोंद नव्हती, असे शेतकरी बाहेर राहत होते. पुढे ही अट शिथिल झाली आणि सातबाऱ्यावरची नोंदही धरली गेली.

म्हणजे एक स्क्रीन, त्यावरचे आठ-दहा रकाने, आणि त्यांच्या पलीकडे अनुदान, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी. वर्गात आपण शॉपिंग ॲपची उदाहरणं शिकतो. तिथे बटण सापडलं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. इथे दुसरं दुकान नाही.

शब्द: कोणाचं जग?

नील्सनच्या यादीतलं दुसरं तत्त्व सांगतं की यंत्रणेची भाषा वापरणाऱ्याच्या जगाशी जुळावी. चला, लावून बघू. ॲपमध्ये भेटणारे काही शब्द: खाते क्रमांक, गट क्रमांक, पोटखराबा, कायम पड, चालू पड, निर्भेळ पीक, मिश्र पीक, जलसिंचनाचे साधन.

शहरात वाढलेला परीक्षक ‘पोटखराबा’वर लगेच लाल खूण करेल. अवघड शब्द, तांत्रिक परिभाषा, सोपा करावा. पण ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला पोटखराबा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नाला, बांध, खडक यांच्याखाली गेलेली, लागवडीला न येणारी जागा. ‘पड’ही त्याचाच शब्द आहे. याच परीक्षकाला ‘निर्भेळ’ कदाचित छान, शुद्ध मराठी वाटेल. वावरात मात्र कोणी ‘यंदा निर्भेळ सोयाबीन घेतलं’ असं बोलत नाही. ‘नुसतं सोयाबीन हाये’ म्हणतात. निर्भेळ हा शब्द आपल्याला तूप आणि दूध विकणाऱ्यांच्या पाट्यांवरून ओळखीचा आहे.

तत्त्व बरोबरच होतं. ते लावणाऱ्याला कोणता शब्द कोणाचा आहे हे माहीत नव्हतं, म्हणून निष्कर्ष उलटा निघाला.

तीच गोष्ट पिकांच्या नावांची. आपल्याकडे वावरात पऱ्हाटी असते आणि घरी कापूस येतो. यादीत पीक शोधणारा माणूस कोणत्या नावाने शोधेल? प्रश्न फुटकळ वाटतो, पण तुमच्या अभ्यासात तो एक मोजता येणारा प्रश्न होऊ शकतो: किती जणांनी पहिल्यांदा कोणतं नाव शोधलं, आणि न सापडल्यावर काय केलं?

मराठीत याचं चांगलं उदाहरणही आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी तयार केलेला ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्या भोवती क, का, कि, की अशी रूपं चक्रासारखी उघडतात. कीबोर्डची जागा पाठ करावी लागत नाही, कारण बाराखडी शाळेतच पाठ झालेली असते. माणसाच्या डोक्यात आधीच असलेली रचना शोधून तिच्यावर इंटरफेस बसवला आहे. ‘जगाशी जुळवणं’ म्हणजे हे. सोपे शब्द वापरणं हा त्याचा एक लहानसा भाग झाला.

क्षेत्र: एका टिंबाची किंमत

आता रकाना क्षेत्राचा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. १.६२.०० असं, दोन टिंबं देऊन. शेतकरी बोलतो एकरात आणि गुंठ्यात. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच ०.४०४७ हेक्टर. चार एकराचं वावर कागदावर १.६२ हेक्टर होतं.

समजा कोणी १.६० लिहायच्या ऐवजी ०.१६ लिहिलं. नॉर्मन अशा चुकांचे दोन प्रकार करतो. हेतू बरोबर असून हात चुकला तर ती निसटती चूक, आणि समजच वेगळी असली तर ती समजुतीची चूक. इथे दोन्ही शक्य आहेत. बोट चुकीच्या जागी पडलं असेल, किंवा ‘१६० आर कसे लिहायचे’ हेच उमगलं नसेल. प्रबंधात दोन्ही ‘डेटा एंट्री एरर’ म्हणून एकत्र मोजू नका. पहिलीला उपाय मोठा रकाना आणि खात्री करून घेणारा प्रश्न, दुसरीला उपाय एकक बदलणं.

वर सांगितलेल्या अर्थसाहाय्याचा दर लावून हिशेब करा. १.६० हेक्टरला ८,००० रुपये. ०.१६ हेक्टरला १,००० रुपये. टिंबाची किंमत ७,००० रुपये.

चूक टाळण्याच्या तत्त्वावर बोट ठेवून आपण म्हणू, ‘यंत्रणेने तपासणी लावावी.’ पण कोणती? उपलब्ध क्षेत्रापेक्षा जास्त आकडा अडवणं सोपं आहे. कमी आकडा मात्र नेहमीच शक्य असतो, कारण उरलेल्या जागेत दुसरं पीक असू शकतं. म्हणजे कमाल मर्यादेची तपासणी शासनाला जास्तीच्या नोंदीपासून वाचवते, शेतकऱ्याला कमी नोंदीपासून वाचवत नाही. त्याला वाचवायचं असेल तर स्क्रीनने त्याच्या भाषेत परत बोलायला हवं: ‘तुम्ही सुमारे १६ गुंठे सोयाबीन लिहिलं. बाकी साडेतीन एकरांहून जास्त जागा राहते. तिथे काय आहे?’ हा प्रश्न वाचून चूक न झालेला माणूसही दोन सेकंदांत पुढे जाईल, आणि झालेला थांबेल.

तपासणी कोणाच्या बाजूने उभी आहे, हे विचारणं ही समीक्षा आहे. ‘व्हॅलिडेशन आहे/नाही’ अशी खूण करणं ही फक्त हजेरी.

मिश्र पीक: रकाना आहे, राशी नाही

वऱ्हाडात सोयाबीनमध्ये किंवा पऱ्हाटीत तुरीची तासं टाकण्याची पद्धत जुनी. समजा चार एकरांत सहा तासं सोयाबीन आणि एक तास तूर, असं पेरलंय. आता रकाना विचारतो: कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र?

तासांच्या हिशेबाने तूर एक सप्तमांश, म्हणजे ०.२३ हेक्टर, आणि सोयाबीन १.३९. पण बियाणं आणायला दुकानात गेलेला माणूस हिशेब बॅगांचा करतो. आणि ऑक्टोबरात सोयाबीन निघाल्यावर त्या वावरात जानेवारीपर्यंत तूरच उभी असते, फांद्या पसरून. तेव्हा विचारलं तर तो म्हणेल, ‘चारही एकरांत तूर आहे.’ तिन्ही उत्तरं खरी आहेत. हेक्टरी ५,००० रुपयांनी बघितलं तर सोयाबीन १.६२ लिहिणं आणि १.३९ लिहिणं यात १,१५० रुपयांचा फरक पडतो.

दुसऱ्या आवृत्तीत मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवायची सोय झाली. सुधारणा खरी आहे, मिश्र पेरणीला कागदावर जागा मिळाली. पण रकाने वाढवल्याने मूळ प्रश्न सुटत नाही, कारण शेतकऱ्याच्या डोक्यात ‘तुरीखालचं क्षेत्र’ अशी वेगळी राशीच नसते. त्याला तासं माहीत असतात.

मग तासंच विचारली तर? ‘किती तासांमागे एक तास तूर?’ भागाकार फोनने करावा. एकूण क्षेत्र यंत्रणेकडे आहेच. नॉर्मनने १९८०च्या दशकात दोन दऱ्यांची कल्पना मांडली: माणसाच्या मनातला हेतू आणि यंत्राला हवी ती कृती यांतली दरी, आणि यंत्राने काय केलं व माणसाला काय कळलं यांतली दरी. इथे पहिली दरी स्वच्छ दिसते. हेतू तासांत आहे, कृती हेक्टरांत मागितली जाते, आणि मधला पूल ज्याने बांधायचा तो वावरात उभा आहे, कॅल्क्युलेटरशिवाय.

हे तुम्हाला कोणत्याही यादीत मिळणार नाही. तुरीचं तास सोयाबीनमध्ये कसं बसतं ते बघितलेल्या माणसालाच हा प्रश्न सुचतो.

साठवलं आणि पोहोचलं

दुसरी दरीही बघून घेऊ. गावाबाहेर रेंज नसते, म्हणून माहिती फोनमध्ये साठवून नंतर अपलोड करण्याची सोय ठेवली गेली. सोय समजूतदार आहे. पण तिच्यामुळे एका कामाची दोन कामं झाली. माहिती भरली, फोटो काढला, घरी आलो; शेतकऱ्याच्या लेखी काम संपलं. यंत्रणेच्या लेखी अपलोड होईपर्यंत काहीच झालेलं नाही.

नील्सनचं पहिलं तत्त्व म्हणजे यंत्रणेची स्थिती दिसत राहावी. इथे खरा कस लागतो तो शब्दांचा. ‘माहिती साठवली’ हे वाक्य प्रोग्रामरच्या दृष्टीने अचूक आहे. ऐकणाऱ्याला मात्र ‘झालं’ असं ऐकू येतं. ‘अजून तलाठ्यापर्यंत पोहोचली नाही’ हे वाक्य लांब आहे, पण त्याला काय करायचं ते सांगतं.

दुसऱ्या आवृत्तीत गावातल्या खातेदारांची यादी पाहता येते आणि ज्यांची पाहणी झाली ते हिरव्या रंगात दिसतात. ही मला या ॲपमधली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. ‘यशस्वी’ असा संदेश चमकून जातो. यादी राहते, आणि उद्याही बघता येते. शिवाय शेजाऱ्याचं नाव हिरवं आणि आपलं नाही, हे गावात ज्या वेगाने कळतं त्या वेगाने कोणतंही नोटिफिकेशन पोहोचत नाही. फक्त एक प्रश्न उरतो: रंगावरच भिस्त ठेवली तर लाल-हिरवा फरक न ओळखणाऱ्याला काय दिसेल? पुरुषांमध्ये असं रंगांधळेपण अगदीच दुर्मीळ नाही. नावापुढे ‘झाली’ हा एक शब्द जोडला की काम भागतं.

दुरुस्ती: दोन चांगल्या गोष्टींमधली ओढाताण

श्नायडरमनच्या आठ नियमांत एक आहे: केलेली कृती सहज मागे घेता यावी. ई-पीक पाहणीच्या दुसऱ्या आवृत्तीत नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येते. यादी घेऊन बसलेला परीक्षक इथे काय लिहील? ‘दुरुस्तीची सोय आहे’ म्हणून पूर्ण गुण, किंवा ‘४८ तास अपुरे’ म्हणून अर्धे.

पण ही शासकीय नोंद आहे. ती कधीही बदलता आली तर तिच्यावर बँक, विमा कंपनी, खरेदी केंद्र विश्वास ठेवणार नाही. अजिबात बदलता आली नाही तर टिंबाची चूक वर्षभर छळेल. म्हणजे इथे ‘मागे घेता येणं’ आणि ‘भरवसा’ या दोन चांगल्या गोष्टी एकमेकींना ओढतायत, आणि कोणीतरी रेघ ४८ तासांवर मारली. रेघ बरोबर जागी आहे का, हे ठरवायला विचारावं लागेल की चूक माणसाच्या लक्षात येते कधी. साधारणपणे सातबारा हातात पडल्यावर, म्हणजे काही कामासाठी तो काढल्यावर. ते दोन दिवसांत होईल का? मुदतीची लांबी वाढवण्यापेक्षा चूक लवकर दिसावी अशी सोय, उदाहरणार्थ नोंद कशी दिसेल त्याचा नमुना लगेच दाखवणं, जास्त उपयोगी ठरू शकते. तत्त्वाने आपल्याला योग्य जागी आणून सोडलं. निर्णय मात्र आपल्यालाच करायचा होता.

तत्त्वं आली कुठून?

तत्त्वांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. त्यांची कुंडली मात्र माहीत असावी. नील्सन आणि रॉल्फ मोलिच यांनी पहिली यादी १९९०मध्ये मांडली. १९९४मध्ये नील्सनने ११ प्रकल्पांतल्या २४९ अडचणी घेऊन त्यांचं घटक-विश्लेषण केलं आणि आज आपण वापरतो ती यादी घडवली. म्हणजे हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. त्या काळातल्या, त्या यंत्रणांच्या, त्या माणसांच्या अडचणींचं ते सार आहे. तुरीचं तास त्या २४९मध्ये असण्याचं कारण नव्हतं.

त्याच नील्सनचा १९९२चा अभ्यास आपल्याकडे कमी उद्धृत होतो. फोनवरून बँकेचं काम करणाऱ्या एका यंत्रणेचं परीक्षण त्याने तीन गटांकडून करून घेतलं. नवख्या परीक्षकाला सरासरी २२ टक्के अडचणी सापडल्या. वापरसुलभतेच्या तज्ज्ञाला ४१ टक्के. आणि ज्याला वापरसुलभताही कळते आणि त्या प्रकारच्या यंत्रणेचं कामही कळतं, अशा दुहेरी तज्ज्ञाला ६० टक्के.

हा आकडा परत वाचा. पुस्तकं वाचून तुम्ही २२वरून ४१वर जाल. ४१वरून ६०वर नेणारी गोष्ट कामाची ओळख आहे, आणि ती तुमच्यापैकी अनेकांकडे घरून आलेली आहे. कोणाच्या घरी शेती, कोणाची आई अंगणवाडीत, कोणाचा भाऊ बाजार समितीत. प्रबंधात ‘संशोधकाची पार्श्वभूमी’ म्हणून ती स्पष्ट लिहा. तिच्यामुळे काय दिसलं आणि कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या जाण्याचा धोका आहे, दोन्ही लिहा. कारण धोकाही आहेच: आपल्या वावरातली रीत म्हणजे सगळ्या तालुक्याची रीत नव्हे.

मग अभ्यास कसा करायचा?

वापरकर्ता नीट ठरवा. ई-पीक पाहणीत एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंदणी करता येते. या एका सोयीतच कबुली आहे की फोन धरणारा आणि जमीन असणारा एक असेलच असं नाही. मुलगा, पुतण्या, शेजारचा कॉलेजवाला. राजापेठसारख्या चौकात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानाजवळ अर्धा तास थांबा. स्क्रीन एकाकडे, माहिती दुसऱ्याकडे, आणि मध्ये बोलणं. तिथे इंटरफेसचा अर्धा भाग ते बोलणंच असतं. तुमचा अभ्यास कोणाचा आहे: भरणाऱ्याचा, सांगणाऱ्याचा, की दोघांचा? सिनॉप्सिसमध्ये लिहा.

संख्येबाबत ‘पाच वापरकर्ते पुरतात’ हे वाक्य जपून वापरा. नील्सन आणि लँडॉअर यांच्या १९९३च्या गणितात एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असं धरलं, म्हणून पाचांत सुमारे ८५ टक्के येतात. ३१च्या जागी १५ धरा आणि स्वतः करून बघा, पाच जणांत जेमतेम ५५-५६ टक्के येतील. शिवाय शेतकरी आणि फॉर्म भरून देणारा हे दोन वेगळे गट आहेत. पाच हवेत तर प्रत्येकी पाच.

प्रश्नावलीवर एकट्याने विसंबू नका. जॉन ब्रूकची १९८६ची दहा विधानांची एसयूएस प्रश्नावली आपल्याकडे सर्रास भाषांतर करून वापरतात. तिच्यात एक विधान अनुकूल, पुढचं प्रतिकूल असतं. मराठीत ‘मला ही यंत्रणा विनाकारण गुंतागुंतीची वाटली’ याला ‘असहमत’ म्हणायला दोनदा उलटा विचार करावा लागतो. भाषांतराची आधी लहान चाचणी घ्या. आणि आपल्याकडचा माणूस समोर बसलेल्या पोराला, तोही पीएच.डी. करणारा, वाईट कशाला म्हणेल? ‘चांगलं आहे नं जी’ असंच उत्तर येतं. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये बंगळुरात केलेल्या प्रयोगात, मुलाखत घेणाऱ्यानेच बनवलंय असं वाटणारं यंत्र लोकांनी सुमारे अडीच पट जास्त पसंत केलं. दोन्ही यंत्रं सारखीच होती. म्हणून मत विचारण्याआधी काम करू द्या आणि हात कुठे थांबतो ते नोंदवा.

बोलत बोलत काम करायला सांगाल तेव्हा भाषा मोकळी सोडा. वऱ्हाडीत आलेलं वाक्य टिपणात वऱ्हाडीतच ठेवा. ‘हे काऊन इचारून राह्यलं?’ या प्रश्नाचं ‘वापरकर्त्याला प्रयोजन स्पष्ट झाले नाही’ असं रूपांतर केलं की त्यातला वैताग गळतो, आणि तोच तुमचा डेटा होता.

शेवटची गोष्ट नीतीची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. चालू ॲपवर कोणाच्या खऱ्या खात्यात चाचणीची नोंद करू नका. ती सातबाऱ्यावर जाते. कागदावर स्क्रीन काढा, किंवा तशीच दिसणारी नकली चौकट बनवा. स्क्रीनशॉटमधली नावं, खाते क्रमांक, गट क्रमांक झाका. सहभागीची संमती त्याला कळेल अशा भाषेत घ्या. ॲपची आवृत्ती, तारीख आणि फोनचं मॉडेल लिहून ठेवा, कारण पुढच्या हंगामात स्क्रीन बदललेली असेल आणि तुमचा निष्कर्ष कोणत्या स्क्रीनबद्दल होता हे कोणालाच सांगता येणार नाही.

तर खोडलेल्या वाक्याच्या जागी काय लिहाल? एक नमुना देतो: ‘सोयाबीन-तूर मिश्र पेरणी करणाऱ्या, फोन स्वतः हाताळणाऱ्या शेतकऱ्यांना, इंटरनेट नसताना शेतात उभं राहून, दोन्ही पिकांचं क्षेत्र हेक्टरऐवजी तासांच्या प्रमाणात विचारल्यास चुका कमी होतात का, हे तपासणे.’ वाक्य लांब आहे, चालेल. आता ‘कोणासाठी?’ आणि ‘तपासणार कसं?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.